मांडव उतरवायचा राहिला

कॉम्प्युटरने मला चार वेळा विचारलं. चारही वेळा मी हो म्हटलं. काय विचारतोय ते कळत नव्हतं, तरी हो म्हटलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी माझी कीव करत बसायला नको.

माझं शिक्षण चौथी. मराठी वाचतो, ओळीवर बोट ठेवून. इंग्रजी येत नाही. पण इंग्रजी आकडे येतात, कारण रसायनीच्या एका कारखान्यात मी बत्तीस वर्षं बॉयलरवर हेल्पर होतो. काम काय, तर काचेतल्या काट्याकडे बघत बसायचं आणि काटा खाली आला की ओरडायचं, "साहेब, कमी होतंय!" बाकी सगळं साहेब बघायचे. आकडा बघणं माझं, समजणं त्यांचं. माझ्या नजरेतून काटा कधी सुटला नाही. रिटायर झालो तेव्हा साहेबांनी चार माणसांत हेच सांगितलं आणि एक भिंतीवरचं घड्याळ दिलं.

माझी बायको धवलारीण होती. आमच्याकडे लग्नात भटजीच्या आधी धवलारीण लागते. उंबराची फांदी मांडवात आणायची, हळद लावायची, देवांना बोलवायचं, घरातल्या गेलेल्या माणसांना नावं घेऊन बोलवायचं, हे सगळं ती गाऊन करते. त्या गाण्याला धवला म्हणतात. माझी बायको शाळेची पायरी चढली नव्हती, पण बसल्या जागेवर चार तास गायची आणि एक शब्द मागेपुढे व्हायचा नाही. भिवपुरीपासून खालापूरपर्यंत तिला बोलावणं यायचं. मी सायकलवर सोडायला जायचो आणि ड्युटी संपली की आणायला जायचो. मागे बसून ती झोपायची. माझ्या पाठीला तिचं डोकं लागायचं, तेव्हा कळायचं की गाणं लांबलं होतं.

तिचे दोन नियम होते. लगीन नसेल तर धवला गायचा नाही. दळताना नाही, भातलावणी करताना नाही, कोणी हातापाया पडलं तरी नाही. आणि दुसरा, काम झालं की मांडव उतरवायचा. मांडव उभा असतो तोवर बोलावलेली माणसं त्याच्याखाली बसून असतात, असं तिची आई तिला सांगायची. मांडव उतरला की ती आपापल्या जागी जातात. तसाच ठेवला तर बिचारी ताटकळतात. मी म्हणायचो, "बसू दे की गं, आपलीच माणसं हायत." ती म्हणायची, "तुमाला काय, तुमाला कुनी उठवलं नाय तर तुमी पन बसून ऱ्हाल."

तर एकदा एक गोरी बाई आली. अमेरिकेची. खांद्यावर कॅमेरा, सोबत बोलणं समजवायला मुंबईची एक मुलगी. लग्नाच्या गाण्यांवर फिल्म करायची होती तिला. ओटीवर बसली मांडी घालून, चहा प्यायली आणि म्हणाली, गा.

माझ्या बायकोने विचारलं, "लगीन कुनाचं हाय?"

मुंबईची मुलगी म्हणाली, "कुणाचं नाही मावशी. नुसतं गाऊन दाखवा."

"मग नाय."

"थोडंसंच."

"थोडं काय न् जास्त काय. मांडव नाय तर धवला नाय. च्या घ्या अजून."

तासभर हेच चाललं. चहा दोनदा झाला. गोऱ्या बाईला राग येत नव्हता, ती नुसती हसायची आणि मान हलवायची. माझी नात तेव्हा सात वर्षांची, मे महिन्याच्या सुट्टीत आमच्याकडे आली होती. ती बाहुली घेऊन दारात उभी. बायकोने तिच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "हिच्या बाहुलीचं लावू लगीन. पन नवरा पायजे."

गोऱ्या बाईच्या पिशवीला एक कापडी अस्वल टांगलेलं होतं, मुठीएवढं. तिने ते काढून दिलं. नात रडायला लागली, "मला अस्वल नवरा नको!" बायको म्हणाली, "गप गं. आमाला तरी कुठं बघून दिला व्हता." आणि माझ्याकडे बघून जमलेल्या आळीतल्या सगळ्या बायका हसल्या. मुंबईच्या मुलीने ते इंग्रजीत सांगितलं, मग गोरी बाईपण हसली.

मी अंगणात चार बांबू रोवले, वर आंब्याची पानं टाकली, उंबराची डहाळी आणली. खराखुरा मांडव, फक्त कमरेएवढा. बायकोने बाहुलीला हळद लावली, अस्वलाला लावली आणि गायला बसली. पाऊण तास गायली. बाहुलीचं लग्न म्हणून काही कमी केलं नाही. माझ्या आईला बोलावलं, तिच्या आईला बोलावलं. मी कॅमेऱ्याच्या मागे कोयता हातात धरून उभा होतो. इतक्या वर्षांत मी तिला सोडायला गेलो, आणायला गेलो, पण समोर उभं राहून पहिल्यापासून शेवटपर्यंत असं कधी ऐकलं नव्हतं. लग्नात पुरुष बाहेर असतात.

गाणं संपलं. तिने डोळे उघडले, मला बघितलं आणि म्हणाली, "अवो, नुसतं उभं काय रायलाव? उतरवा आता मांडव."

कॅमेरा चालूच होता.

दोन वर्षांनी पोस्टातून एक जाड पाकीट आलं. आत डीव्हीडी. वर माझ्या बायकोचा फोटो नव्हता, कुठल्या तरी नवरीचा होता, पण आत ती आहे असं चिठ्ठीत लिहिलं होतं. चिठ्ठी माझ्या मुलीने वाचून दाखवली. शेजारच्यांकडे डीव्हीडीचं मशीन होतं, तिथे घेऊन गेलो. आळीतल्या बायका जमल्या. मशीनने डिस्क आत घेतली, पडद्यावर इंग्रजीत दोन शब्द दाखवले आणि डिस्क परत बाहेर टाकली. पाच वेळा घातली, पाच वेळा टाकली. एक म्हातारी म्हणाली, "ग बाय, ही सून सासरी टिकत नाय." बायकोने डिस्क पदराने पुसली, घरी आणून पेटीत लुगड्याच्या घडीत ठेवली. तिला काही फार वाटलं नाही. मला वाटलं.

बरीच वर्षं ती डिस्क पेटीतच होती. मग मोहोपाड्याला माझी मुलगी असते, तिने लॅपटॉप घेतला आणि जुना कॉम्प्युटर आमच्याकडे आणून ठेवला. जावयाने जुन्या विनोदी सिनेमाची एक डिस्क दिली, दुकानातली, सील असलेली. बायकोला तो सिनेमा फार आवडायचा. रोज दुपारी मला लावायला सांगायची, तिथेच हसायची जिथे काल हसली होती.

नात तेव्हा दहावीत असेल. तिने मला शिकवलं. इथे दाबायचं, बशी बाहेर येते, त्यात डिस्क ठेवायची. "आणि आजोबा, मधे काही विचारलं तर घाबरायचं नाही. हे गोल अक्षर दिसतंय? हे ओके. ते दाबायचं की झालं."

"काय विचारतो?"

"काहीही विचारतो हो तो. सारखंच विचारत असतो. ओके म्हणायचं."

मला पटलं. आयुष्यभर तेच केलं होतं. तलाठी म्हणाला इथे सही करा, केली. दवाखान्यात म्हणाले इथे करा, केली. हायवेसाठी आमची खालची जमीन गेली तेव्हा बोट ठेवतील तिथे अंगठ्याशेजारी नाव लिहिलं. विचारणारा शिकलेला असतो, आपण हो म्हणायचं असतं, म्हणजे काम पुढे सरकतं.

तर मी पेटीतून ती अमेरिकेची डिस्क काढली. बायको म्हणाली, "थांबा. असाच लावनार? मांडव नको?"

मी म्हटलं, "अगं, मशीन हाय ते. झालेलं लगीन हाय."

"धवला हाय ना त्यात? मग मांडव पायजे."

तिने आंब्याचा टाळा म्हणजे पानांची डहाळी आणली, चार पानं कॉम्प्युटरच्या पडद्यावर वर खोचली, काचेच्या कडेला हळदीचं बोट लावलं. मग म्हणाली, "आता लावा."

डिस्क घातली. एक चौकोन आला, खूप इंग्रजी लिहिलेलं आणि मधे एक आकडा. ४. मी ओके दाबलं. आणि लागली! शेजारच्या मशीनने टाकून दिलेली डिस्क आमच्याकडे लागली. पहिल्यांदा कुठलीशी गावं, कुठल्याशा बायका, मग आमचं अंगण, माझे चार बांबू, ही बसलेली. ती गायला लागली आणि वरून गोऱ्या बाईचा आवाज इंग्रजीत बोलायला लागला.

बायको म्हणाली, "ही कोन मदीच बडबडते? लग्नात अशी एक असतेच."

पुढे गोरी बाई गप्प झाली आणि हिचा आवाज एकटा चालला. बायको स्वतःलाच ऐकत होती. मधे एकदा म्हणाली, "हितं मी श्वास घेयाला नको व्हता." शेवटी ते आलं, "अवो, नुसतं उभं काय रायलाव?" आणि ती इतकी हसली की खोकला लागला.

मग म्हणाली, "उतरवा."

"काय?"

"मांडव. पानं काढा आनि तो सिनेमा लावा. मशीनमदी धवला तसाच ठेवायचा नाय. ताटकळतील."

मी पानं काढली, सिनेमा लावला. परत चौकोन आला. आकडा ३. ओके.

त्यानंतर मी कितीदा म्हटलं, लाव गं परत. नाही म्हणायची. "सारखं सारखं मांडव घालतात का? नातीचं लगीन होईल तवा बगू." ती डिस्क परत पेटीत गेली, ती सात वर्षं तरी तिथेच राहिली. आणि मी तसा ऐकणारा माणूस, ऐकलं.

मग तिच्या गळ्याचं दुखणं निघालं. सुरुवातीला ती म्हणायची आवाज बसलाय, मीठपाण्याने उतरेल. मीठपाण्याने उतरण्यातलं नव्हतं. मुंबईला ऑपरेशन केलं. डॉक्टरांनी आधी सगळं समजावून सांगितलं असेल, मी कागदावर सही केली. घरी आली तेव्हा आवाज नव्हता. कमी झाला नव्हता, नव्हताच. मानेला पट्टी आणि आत नुसती हवा.

खाटेशेजारी तिला मी एक स्टीलची वाटी आणि चमचा दिला. मला हाक मारायची असली की वाजवायची. एकदा वाजवली की पाणी, दोनदा वाजवली की उठवून बसवा. भराभर वाजवली की ती माझ्यावर रागावली आहे. भराभरच जास्त वाजायची.

एका दुपारी वाटी वाजली. मी गेलो तर पेटीकडे बोट दाखवत होती. पेटी उघडली, लुगड्याच्या घडीकडे बोट. कळलं. मागच्या परड्यात जाऊन आंब्याचा टाळा आणला. पानं खोचली, हळदीचं बोट लावलं. डिस्क घातली. चौकोन आला. २. ओके.

ती उशीला टेकून ऐकत होती. गोरी बाई बडबडली, तेव्हा हिने हाताने तिला झटकलं, चल बाजूला अशी. मग गाणं. मी पडद्याकडे बघितलंच नाही, हिच्याकडे बघत होतो. हिचे ओठ हलत होते. प्रत्येक शब्दाला बरोबर हलत होते आणि आवाज दुसरीकडून, मशीनमधून येत होता. जिथे श्वास घ्यायला नको होता म्हणाली होती, तिथे तिने आता घेतला नाही. पडद्यातली म्हणाली, "अवो, नुसतं उभं काय रायलाव? उतरवा आता मांडव." खाटेवर हिचे ओठ तेच बोलले, माझ्याकडे बघून. आणि वाटी वाजवली.

मी म्हटलं, "राहू दे ना आज. उद्या परत ऐक."

वाटी भराभर वाजली.

मी पानं काढली. सिनेमाची डिस्क घातली. चौकोन आला. आकडा १.

मी तो बघितला. चार होता, तीन झाला, दोन झाला, एक झाला. बत्तीस वर्षं मी दुसरं काही केलं नव्हतं. काटा खाली येताना बघणं, एवढंच मला येत होतं. पण कारखाना वेगळा आणि घर वेगळं असं डोक्यात असतं माणसाच्या. आणि ती खाटेवरून बघत होती, मी कधी उतरवतो म्हणून. मी ओके दाबलं.

पुढे दोन महिन्यांनी तिने परत मागितलं. आता वाटी वाजवायचीही ताकद नव्हती, चमचा नुसता टेकवायची. दोन बोटं उभी करून वर आडवं बोट ठेवलं, मांडव. मी पानं खोचली, हळद लावली, डिस्क घातली. या वेळी मशीनने विचारलंच नाही. लाल खूण दाखवली आणि गप्प. काढली, पुसली, घातली. लाल खूण. डबा हलवला, वायर काढून लावली, वरून थापट मारली. तिच्याकडे पाठ करून हे सगळं चाललं होतं.

शेवटी वळून म्हटलं, "बिगडलंय गं. उद्या खालापूरला नेतो दुरुस्तीला."

तिने मान हलवली. मग पानांकडे बोट दाखवलं. काढा. मी काढली.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर नाही, तिला न्यावं लागलं. ती परत आली नाही. नेली तेव्हा वाटी खाटेवरच राहिली होती. हॉस्पिटलात बेल होती म्हणे, पण बेल दाबायची हे तिला कोणी सांगितलं होतं की नाही, मला माहीत नाही. मी बाहेर बाकावर होतो.

वर्ष सरलं. वर्षश्राद्ध झालं आणि नातीचं लग्न ठरलं. ती आता नोकरीला लागली आहे. मोहोपाड्याहून आली, माझ्या शेजारी ओटीवर बसली आणि म्हणाली, "आजोबा, हळदीला आजीचा धवला लावायचा."

मी म्हटलं, "दुसरी धवलारीण बघा. पाताळगंगेच्या पलीकडे एक हाय म्हनतात."

"तिला बोलवलंय. पण आधी आजी. माझ्या बाहुलीचं लावलं तिने, माझं नको का? आणि ते पण अस्वलाशी."

"मशीन बिगडलंय."

"मग मी बघते. लॅपटॉपला डिस्कची जागा नाही आमच्या, नाहीतर..."

"तू हात लावू नको," मी म्हणालो. जरा जोरातच म्हणालो. मला आतून कुठेतरी कळलं होतं की बिघडलेलं नाही. काटा शून्यावर आलाय. शून्यावर कसा आला ते नातीला कळू द्यायचं नव्हतं, कारण ओके तिनेच शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरचा डबा चादरीत बांधला आणि टमटमने खालापूरला नेला. मांडीवर घेऊन बसलो. तहसीलदार कचेरीच्या बाजूला एक बाई दुकान चालवतात. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, कॉम्प्युटर दुरुस्ती. गर्दी होती. रांगेतला एक जण म्हणाला, "आजोबा, डब्याचा सातबारा काढायला आलाव काय?" मी म्हटलं, "हो, तुझं नाव लावायचं हाय, थांब." बाई हसल्या आणि माझा डबा आधी घेतला.

त्यांनी डिस्क घातली, काहीतरी उघडलं, वाचलं.

"बाबा, बिघाड काही नाही. ही डिस्क अमेरिकेची आहे. कंपन्यांनी जगाचे भाग पाडलेत. अमेरिका एक नंबर, आपण पाच नंबर. एका भागाची डिस्क दुसऱ्या भागात लागू नये म्हणून. मशीन एकावर ठेवा नाहीतर पाचावर ठेवा. बदलता येतं, पण पाचच वेळा. मग जिथे असेल तिथे कुलूप लागतं. कायमचं."

"पाचच वेळा?"

"पाच. एक पहिल्यांदा बसवतानाच गेला असणार. चार तुमच्याकडे झाले. आता पाचावर बंद झालंय, म्हणजे आपल्या डिस्क चालतील, ही नाही." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "दर वेळेला मशीन विचारतं. किती उरलेत तेपण दाखवतं. ओके कोण दाबत होतं?"

"मीच," मी म्हणालो. "मलाच येतं."

मी उभ्या उभ्या हिशेब केला. एक लावताना, एक उतरवताना. एक लावताना, एक उतरवताना. मांडव उतरवला नसता तर एकदाच विचारलं असतं. मग ती शंभर वेळा गायली असती, त्या दिवशीपण गायली असती. दोन बोटं उभी करून मागितलं तेव्हा. दोन्ही वेळा तिनेच उतरवायला लावला हे खरं. पण काट्यावर नजर ठेवणं तिचं काम नव्हतं. माझं होतं.

बाईंनी विचारलं, "बसता का बाबा? पाणी देऊ?"

"ह्याला काय उपाय हाय ते सांगा."

उपाय साधा निघाला. डिस्क वाचायचा भाग नवीन घालायचा. त्यालाही पाचच वेळा. त्यांनी घातला. मी खुर्ची ओढून पडद्यासमोर बसलो. चौकोन आला, मधे ५. या वेळी मी सगळं विचारलं. हे काय, ते काय. त्यांनी एकेक ओळ मराठीत सांगितली, रांगेतले लोक थांबले. त्यांनी एकावर ठेवलं आणि म्हणाल्या, "पाचाचे चार झाले. आता ह्यात आपली डिस्क घालू नका. घातलीत आणि विचारलं, तर हे ओकेच्या बाजूचं दाबायचं. ते नाही म्हणायचं बटण."

"असं बटन व्हतं?"

"पहिल्यापासून होतं."

पांढऱ्या पट्टीवर मराठीत लिहून त्यांनी डब्याला चिकटवलं, 'बदलू नये'. मग म्हणाल्या, "लावून बघू?"

मी म्हटलं, "नको. हितं मांडव नाय." तोवर पडद्यावर अंगण आलंच होतं, ही बसलेली, हळदीची वाटी पुढ्यात. बाईंनी विचारलं, "ह्या कोण?" मी सांगितलं. त्यांनी आवाज बंद केला, डिस्क काढली आणि पदराला पुसून दिली. अगदी हिच्यासारखी.

मोहोपाड्याला सोसायटीच्या आवारात मांडव होता. डीजेवाल्याने माझ्या डब्याला त्याच्या कपाटाएवढ्या स्पीकरची वायर जोडली. तरी मी पडद्यावर चार पानं खोचली, हळदीचं बोट लावलं. नात पाटावर बसली. पहिल्यांदा गोरी बाई बडबडली, सगळ्यांना हसू आलं. मग ही एकटी गायला लागली. दुसऱ्या धवलारणीने खालून सूर धरला. माझ्या आईचं नाव आलं, तिच्या आईचं नाव आलं. हिचं नाव त्या यादीत नव्हतं, असणार कसं? ते त्या दुसऱ्या धवलारणीने मधे घातलं. नात तेव्हा रडली. मी नाही रडलो, मी पडद्याकडे बघत होतो, लाल खूण येते का म्हणून.

आणि मग एवढ्या मोठ्या स्पीकरमधून, सगळ्या सोसायटीला ऐकू जाईल असं, "अवो, नुसतं उभं काय रायलाव? उतरवा आता मांडव."

मी उभाच होतो. सगळे माझ्याकडे वळून हसले. मीपण हसलो.

नातीने सगळं मोबाइलवर घेतलं. "आता कधीपण ऐका आजोबा," म्हणाली आणि मला पाठवलं. ऐकलं मी. त्यात डीजेवाल्याचा खोकला आहे आणि हिचा आवाज डबीतल्या माशीसारखा येतो.

लग्न लागलं. ठरल्या दिवशी मोहोपाड्याचा मांडव उतरला. मी डबा आणि पडदा घरी आणला, जागेवर ठेवला, वायरी लावल्या. प्रवासात पानं पडली होती, ती परत खोचली. मग सिनेमाची डिस्क काढली. मशीनमधला मांडव उतरवायचा राहिला होता.

डिस्क घातली. चौकोन आला. ४.

बराच वेळ बसलो. आकड्याकडे बघत बसायची सवय आहे मला. मग ओकेच्या बाजूचं दाबलं.

याला आता तीन महिने झाले. मुलगी आली की ओरडते, "बाबा, कॉम्प्युटरवर हा काय पाला ठेवलाय? लग्न कधीच झालं." मी म्हणतो, असू दे. पानं सुकली की परड्यातून नवीन आणतो. हिला हे चालणार नाही, मला ठाऊक आहे. दुपारी मी खाटेवर बसतो. वाटी आणि चमचा तिथेच ठेवलेत, हाताला लागतील असे.